खोटा फील्ड मार्शल की खोटा कॅप्टन?

अंगावर भलत्याच हुद्द्याचा गणवेश आणि समोर खाडकन टाचा जुळवणारे शिपाई. बोलपटाला नुकता कंठ फुटत होता तेव्हा या एकाच गमतीवर वर्षभराच्या अंतराने दोन विनोदी चित्रपट आले. एक चेक, 'त्स. आ क. पोल्नी मर्शालेक' (१९३०). दुसरा जर्मन, 'डेर हाउप्टमान फोन क्योपेनिक' (१९३१), म्हणजे 'क्योपेनिकचा कॅप्टन'. संध्याकाळ एकच मोकळी असेल तर कोणता लावायचा?

चेक सिनेमाच्या नावातलं 'पोल्नी मर्शालेक' म्हणजे फील्ड मार्शल, आणि 'त्स. आ क.' म्हणजे 'सम्राटाचा आणि राजाचा'. ऑस्ट्रियाचा सम्राट आणि हंगेरीचा राजा एकच, म्हणून त्या साम्राज्याच्या फौजेला हे दुहेरी बिरूद. गोष्ट साधी आहे. निवृत्त कॅप्टन प्रोहाझ्काला आयुष्यभर फील्ड मार्शल व्हायचं होतं, ते काही झालं नाही. नात्यातल्या तरुण लेफ्टनंटच्या छावणीत तो नेमका त्या गणवेशात सापडतो. तपासणीला मोठे साहेब येणार म्हणून आधीच गाळण उडालेली मंडळी त्यालाच साहेब समजतात. मग खरे साहेब येतात. गोगोलच्या नाटकावरून पुलंनी केलेलं 'अंमलदार' ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातली ओळखीची हाडं लगेच दिसतील. भर म्हणून लेफ्टनंटचं प्रेमप्रकरणही आहे. ते मी दर वेळी चहा करायला उठून बघतो.

पण कथा इथे नुसती खुंटी. तिच्यावर टांगलाय तो व्लास्ता बुरियन. प्रागमध्ये त्याचं स्वतःचं नाटकघर होतं, चेक लोक त्याला विनोदवीरांचा राजा म्हणत. तरुणपणी तो स्पार्टा प्राग या फुटबॉल क्लबचा गोलकीपर होता आणि ते अंगात दिसतं. उभा असतानाही हा माणूस झेप घेण्याच्या तयारीत असल्यासारखा वाटतो. मूकपट त्याने केले होते, पण हा त्याचा पहिला बोलपट. आवाज हाती आल्यावर त्याने जी तोंडाची टकळी सोडली आहे ती थांबतच नाही. दिग्दर्शक कारेल लामाचने कॅमेरा बऱ्याचदा समोर नुसता उभा केलाय, आणि शहाणपणा केलाय.

अडचण इथेच आहे. दादा कोंडके सबटायटल लावून परदेशी माणसाला दाखवले तर त्याच्या पदरी काय पडेल? बुरियनचं तसंच होतं. खालची ओळ वाचेपर्यंत वरचा चेहरा पुढच्या थापेवर गेलेला असतो. चेक येत नसेल तर निम्मा बुरियनच मिळणार. लामाचने त्याच वर्षी बुरियनलाच घेऊन याची जर्मन आवृत्तीही काढली होती. जर्मन येणाऱ्यांनी ती शोधावी.

क्योपेनिकचं तसं नाही, कारण तिथला विनोद आधी प्रत्यक्षात घडून गेलेला आहे. विल्हेल्म फोग्ट नावाचा चांभार, अर्धं आयुष्य तुरुंगात काढलेला. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी त्याने जुन्या बाजारातून जमवलेला कॅप्टनचा गणवेश घातला, बर्लिनच्या रस्त्यावरून जाणारे शिपाई थांबवले आणि 'माझ्यामागे चला' म्हणाला. ते निघालेच! दहाएक शिपाई घेऊन तो रेल्वेने बर्लिनजवळच्या क्योपेनिक गावाला गेला, तिथल्या नगराध्यक्षाला अटक केली, तिजोरीतले सुमारे ४,००० मार्क घेतले आणि वर पावतीही दिली. गणवेश हेच वॉरंट. दहा दिवसांनी तो पकडला गेला. शिक्षा चार वर्षांची झाली, पण दोन वर्षं भरायच्या आत खुद्द कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, माफी दिली.

जर्मन नाटककार कार्ल त्सुकमायरचं यावरचं नाटक १९३१ मध्ये रंगभूमीवर आलं आणि त्याच वर्षी दिग्दर्शक रिचर्ड ऑस्वाल्डने ते पडद्यावर आणलं. नाटकातल्या फोग्टला पैसे नकोच असतात. त्याला हवा असतो पासपोर्ट. कागद नाहीत म्हणून काम नाही, काम नाही म्हणून कागद नाहीत. सरकारी खिडकीपुढे कधी रांग लावली असेल तर हे चक्र समजायला सबटायटलचीही गरज नाही. त्यातून वैताग असा, की एवढा घाट घालून ताब्यात घेतलेल्या नगरपालिकेत पासपोर्टचं खातंच नसतं. फोग्ट झालेल्या माक्स आडालबर्टची बर्लिनी बोली आपल्या हाती लागत नाही हे खरं, पण गणवेश चढवल्यावर त्या खांदे पाडून चालणाऱ्या माणसाचा कणा कसा ताठ होतो, ते डोळ्यांना कळतं.

दोघांनाही तोतया म्हणता येईल, पण मर्शालेकमध्ये गैरसमज आहे आणि क्योपेनिकमध्ये बेत. म्हणून हसण्याची जातही वेगळी. प्रागमध्ये १९३० साली ज्या फौजेला हसत होते ती १९१८ मध्येच साम्राज्याबरोबर संपली होती. प्रेक्षकांतल्या कित्येकांनी तोच गणवेश स्वतः घातलेला. मेलेल्या खडूस हेडमास्तरांच्या नकला करताना येतो तसा जिव्हाळा त्या हसण्यात आहे, आणि त्यामुळेच सिनेमा कुणाला फारसं बोचत नाही. बर्लिनमध्ये हेडमास्तर अजून जिवंत होते. १९३३ मध्ये नाझी आले, नाटकावर बंदी आली, ज्यू असलेल्या ऑस्वाल्डला देश सोडावा लागला.

तर माझा कौल क्योपेनिकला. जुन्या बोलपटांची खरखर सोसवत नसेल तर याच नाटकावर १९५६ साली हेल्मुट कॉयटनरने हाइन्त्स र्‍यूमानला घेऊन केलेला रंगीत सिनेमा आहे. तो जास्त गुळगुळीत आहे, थोडा गोडही. मर्शालेक एकट्याने लॅपटॉपवर बघू नका. चारपाच माणसं जमतील, त्यातल्या एकाला चेक येत असेल, तो दिवस त्याच्यासाठी राखून ठेवा.