कंबरलँड खिंडीपलीकडे : टिळक रस्त्यावरील एका अभ्यासवर्गाविषयी

टिळक रस्त्यालगतच्या एका छोट्या सभागृहात शनिवारी सायंकाळी भरणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासवर्गाने या सत्रासाठी अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलेशियन पर्वत ओलांडून पलीकडच्या केंटकीत वस्ती करणाऱ्या कुटुंबांचा प्रवास हा विषय घेतला होता. पुण्यात व्याख्यानांची वाण नाही. परंतु अमेरिकेचा इतिहास म्हटला की आपल्याकडे स्वातंत्र्ययुद्धावरून थेट लिंकनपर्यंत उडी मारली जाते. मधला हा डोंगरवाटांचा काळ मराठीतून इतक्या बारकाईने शिकवला जातो, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

शिक्षकांनी आरंभ नकाशापासून केला. या पर्वतातून केंटकीकडे नेणारी कंबरलँड खिंड समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० फुटांवर, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षाही कमी उंचीवर आहे, हे ऐकून वर्गात कुजबुज झाली. मग अडचण कशाची होती? एकामागून एक समांतर पसरलेल्या लांबच लांब डोंगररांगा, त्यांतून वाट देणाऱ्या मोजक्या खिंडी, दाट अरण्य आणि पूल नसलेल्या नद्या यांची. एवढे समजल्यावरच १७७५च्या मार्च महिन्यात डॅनियल बून या शिकारी-वाटाड्याने तीसेक कुऱ्हाडवाल्यांसह होल्स्टन नदीपासून केंटकी नदीपर्यंत खुल्या केलेल्या सुमारे २०० मैलांच्या वाटेचे मोल कळते. तिचा बराचसा भाग मूलनिवासींच्या जुन्या पायवाटांवरूनच जात होता, आणि १७९६ मध्ये ती रुंद होईपर्यंत तिच्यावरून जनावरे जुंपलेली मालवाहू गाडी नेता येत नसे. त्यामुळे सिनेमात दिसणारी कनाती छपरांच्या गाड्यांची रांग येथे नाही. बियाणे, भांडी आणि अवजारे ओझ्याच्या घोड्यांवर लादायची आणि बहुतेकांनी पायी चालायचे, असा हा प्रवास होता.

मिठावरचा तास मला सर्वांत मोलाचा वाटला. डोंगरापलीकडे शिकार मुबलक होती, पण मांस टिकवण्यासाठी मीठ लागे, आणि ते पूर्वेकडून घोड्यांवर वाहून आणणे फार महाग पडे. म्हणून खाऱ्या झऱ्यांचे पाणी मोठमोठ्या कढयांत आटवावे लागे, आणि पाणी सौम्य असल्याने थोड्याशा मिठासाठीही पुष्कळ लाकूड जळे. १७७८च्या फेब्रुवारीत ब्लू लिक्स येथे मीठ काढायला गेलेले बून आणि त्यांचे सोबती शॉनी या मूलनिवासी जमातीच्या योद्ध्यांच्या कैदेत पडले, ही घटना याच गरजेतून घडली. शौर्यकथा सांगणारे पुष्कळ भेटतात. वस्ती कशाच्या आधाराने तगते हे असे उलगडून दाखवणारे विरळा. केंटकी तेव्हा ज्यात मोडत होते त्या व्हर्जिनिया राज्याच्या १७७९च्या जमीन कायद्याने १७७८ पूर्वी तेथे मक्याचे पीक घेतलेल्यांना ४०० एकरांचा हक्क दिला होता, हेही त्याच ओघात आले. मका हे अन्न होते, तसाच जमिनीवरील दाव्याचा पुरावाही होता.

माझी खरी तक्रार शेवटच्या तासाविषयी आहे. १७६३ मध्ये ब्रिटिश राजाने पर्वतरांगेपलीकडे वस्ती करण्यास मनाई केली होती. तरीही १७७५ मध्ये सायकमोर शोल्स येथे रिचर्ड हेंडरसन या जमीन-व्यावसायिकाने चेरोकी या मूलनिवासी जमातीच्या प्रमुखांशी विस्तीर्ण प्रदेशाचा सौदा केला, ड्रॅगिंग कनू या तरुण चेरोकी नेत्याने त्याला कडाडून विरोध केला आणि पुढे व्हर्जिनियाने तो सौदाच अमान्य ठरवला. या साऱ्याला घाईघाईने चार वाक्ये मिळाली. १७९०च्या जनगणनेत केंटकीतील सुमारे ७३ हजार लोकांपैकी १२ हजारांहून अधिक गुलाम होते, म्हणजे ही वाट तुडवणाऱ्यांत स्वेच्छेने न आलेली माणसेही फार मोठ्या संख्येने होती. तो उल्लेख तर एका श्रोत्याने प्रश्न विचारल्यामुळे झाला. ज्यांची जमीन गेली आणि ज्यांना ओढून नेले, त्यांच्यासाठी एक स्वतंत्र सायंकाळ राखून ठेवायलाच हवी होती.

सोयींबद्दल थोडक्यात सांगायचे तर शुल्क माफक आहे, वर्ग वेळेवर सुरू होतो आणि प्रश्नांना शिक्षक शांतपणे उत्तरे देतात. टिपणे व्यवस्थित आहेत, मात्र त्यांतील नकाशांच्या छायाप्रती इतक्या पुसट आहेत की नद्यांची नावे वाचता येत नाहीत. पडद्यावरचे रंगीत नकाशेच सर्वांना पाठवून दिले तर हा प्रश्न सुटेल. इतिहासाची आवड असलेल्या नववी-दहावीच्या मुलांना बरोबर न्यायला हरकत नाही, त्यांना भाषा जड जाणार नाही. दुचाकी लावायला जागा अपुरी असल्याने थोडे लवकर पोहोचावे.