बोट थरथरते: आधी पंखा बदलावा, अलाइनमेंट करावी की शाफ्ट काढावा?

अक्कलकुवा-अक्राणीकडे नर्मदेच्या, म्हणजे सरदार सरोवराच्या फुगवट्यात ज्यांची बोट चालते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बोटीच्या आत डिझेल इंजिन, मागे गिअरबॉक्स, मग लांब शाफ्ट (फिरता दांडा) आणि टोकाला पंखा, अशी ज्यांची रचना आहे त्यांच्यासाठी. बोट थरथरू लागली म्हणून शहाद्याला किंवा तळोद्याला ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "पंखा बदली टाक, भो." पंखा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे दोषही त्याच्यावरच जातो. माझं मत वेगळं आहे. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणारा बोल्टचा सांधा म्हणजे कपलिंग; ते उघडून त्यातली फट मोजल्याशिवाय एकही नवा भाग घेऊ नका. या काठांवर बोट म्हणजे बाजार, शाळा आणि दवाखान्याची वाट. थरथर अंगवळणी पडू दिली तर कपलिंगचे बोल्ट ढिले होतात, ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पॅकिंगमधून) पाणी आत येऊ लागतं, आणि हे सगळं माणसं बसलेली असताना होतं.

मोजमापाआधी फुकटातल्या दोन गोष्टी करा. इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला आणि शाफ्टला जाळ्याचा तुकडा किंवा दोर गुंडाळलाय का ते हाताने चाचपा. मग गिअर न्यूट्रलला ठेवून रेस वाढवा. न्यूट्रललाही तेवढीच थरथर असेल तर पाण्याखालच्या कशालाही हात लावू नका; दोष इंजिनाच्या पायांत, इंजेक्टरमध्ये किंवा डॅम्पर प्लेटमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्समधली धक्के गिळणारी तबकडी) आहे. गिअर टाकल्यावरच थरथर येत असेल, तर खरी निवड तिथून सुरू होते.

पंखा की अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत जुळवणं? थरथर कशी आली ते आठवून बघा. सरदार सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर. पाणी तिथून उतरू लागलं, की बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. ठक्‌ असा आवाज झाला आणि त्याच क्षणापासून बोट थरथरू लागली, तर संशय पंख्यावर आणि शाफ्टवर. महिना-दोन महिन्यांत हळूहळू वाढत गेली, तर अलाइनमेंट, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती आधाराची नळी) किंवा माउंटिंगवर (इंजिनाचे पाय).

पंखा तपासायला बोट उतारावर ओढून घ्या. पात्याच्या टोकाजवळ एक काठी घट्ट रोवा आणि पंखा हाताने फिरवा. तिन्ही पाती काठीपासून सारख्याच अंतरावरून गेली पाहिजेत. हीच तपासणी पात्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेलाही करा. फरक दिसला तर गावात ठोकून घेण्याचा मोह होतो, स्वस्तही पडतं. पण ठोकलेल्या पंख्याचं वजन सारखं भरलं तरी पात्यांचा पिच (तिरकेपणा) वेगवेगळा राहू शकतो, आणि मग थरथर तशीच राहते. समुद्रकाठच्या, पिच मोजणाऱ्या वर्कशॉपला पाठवणं खर्चाचं आणि वेळखाऊ आहे, तरी पात्याला खरंच मार बसला असेल तर तोच रस्ता. "थोडा मोठा बसवू" म्हणून नवा पंखा घेत असाल तर पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांतलं अंतर आधी मोजा. पंख्याच्या व्यासाच्या 10 ते 15 टक्के जागा तरी हवी, म्हणजे 500 मिमीच्या पंख्याला 50 ते 75 मिमी. जागा कमी पडली तर नवाकोरा पंखाही तळ हादरवतो.

अलाइनमेंटला सुटा भाग जवळजवळ लागत नाही, लागते फक्त मजुरी, म्हणून मी ती आधी धरतो. एक अट मात्र सांभाळा. बोट पाण्यात असतानाच ती करायची. काठावर टेकवलेल्या बोटीचा तळ वेगळा बसतो, विशेषतः लाकडी बोटीचा. पाण्यात सोडल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या. कपलिंगचे बोल्ट काढा आणि दोन फ्लँजमधली (कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली) फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार ठिकाणी मोजा. 100 मिमीच्या फ्लँजला सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान फटीत 0.1 मिमीपेक्षा जास्त फरक नको. वरची फट मोठी असेल तर इंजिनाचे पुढचे पाय पत्रे घालून उचला. इथे बरेच जण एक चूक करतात: सुटलेला शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो आणि मोजमाप खोटं येतं. लोंबणाऱ्या भागाचं अर्धं वजन आणि कपलिंगचं पूर्ण वजन, एवढा जोर वजनकाट्याने वर उचलून धरा आणि मगच मोजा.

आता ज्या चाचणीवर पुढचा खर्च ठरतो ती. इंजिनाकडचा फ्लँज न हलवता शाफ्टकडचा अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. मोठी फट आधी होती तिथेच राहिली तर दोष अलाइनमेंटचा. फट शाफ्टबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेली तर शाफ्ट वाकलाय किंवा फ्लँजचं तोंड तिरकं आहे; मग इंजिन कितीही सरकवलं तरी उपयोग नाही. या कामाला बोटीचाच मेकॅनिक हवा असं नाही. साखर कारखान्यात पंप आणि मोटारींची कपलिंग जुळवलेला फिटर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं घड्याळ) घेऊन हे नीट करतो, आणि शहाद्याच्या भागात अशी माणसं मिळतात.

शाफ्ट वाकलेला निघाला तर सरळ करावा की नवा घ्यावा? लेथवर फिरवून डायल गेज लावा. लांबीच्या मधोमध हलका बाक असेल तर प्रेसवर सरळ होतो. टेपरजवळ (पंखा बसतो त्या निमुळत्या टोकाजवळ) किंवा चावीच्या (पंखा शाफ्टवर धरणाऱ्या पट्टीच्या) खाचेजवळ वाकला असेल, खाचेच्या कोपऱ्यात बारीक चीर दिसत असेल, किंवा बुशच्या जागी खोल चर पडला असेल, तर नवाच घ्या. तिथे सरळ केलेला शाफ्ट भर पाण्यात तुटला तर पंख्यासकट तळाला जातो. वेल्डिंग करून भरून घेण्याचा सल्ला मिळेल. मी तो घेणार नाही.

रबर बुशचं थोडक्यात. पाणी हेच त्याचं वंगण, आणि खाचा असल्यामुळे गाळाच्या पाण्यात तो धातूच्या बुशपेक्षा बरा टिकतो. शाफ्ट हाताने हलवून खडखड लागली तर बदला, पण जुना फेकण्याआधी बघून घ्या. एकाच बाजूने झिजला असेल तर अलाइनमेंट चुकलेली आहे, आणि ती न सुधारता घातलेला नवा बुशही तसाच जाईल. इंजिनाखालचे रबरी पाय चिरले असतील तर चारही एकदम बदला. एकच नवा घातला तर इंजिन तिरकं बसतं. लवचीक कपलिंग घेऊन अलाइनमेंट टाळता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते बारीक धक्के गिळतं. तिरका शाफ्ट सरळ करत नाही.

म्हणून खोडाला धडकलेल्या बोटीला काठीची तपासणी, मग अर्ध्या फेऱ्याची चाचणी, आणि त्यानंतरच पंखा किंवा शाफ्ट. हळूहळू बिघडलेल्या बोटीला आधी फटीचं मोजमाप, मग खराब निघालं तर माउंटिंग आणि बुश, आणि शेवटी पाण्यात अलाइनमेंट, कारण पाय किंवा बुश बदलला की जुळवणी पुन्हा करावीच लागते. काम झाल्यावर प्रवासी न घेता रिकाम्या बोटीची एक फेरी मारा, आणि परत आल्यावर कपलिंगचे बोल्ट पुन्हा आवळा.