आयसा हलवायचा असेल तर: नोटिशीचं खातं की वर्षाचं फिक्स?

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहणारा माझा चुलतभाऊ सध्या याच प्रश्नावर अडला आहे. कॅश आयसात, म्हणजे ब्रिटनमधल्या करमुक्त बचत खात्यात, टाकायला पैसे तयार आहेत, दोन-तीन वर्षांत पुण्याला परतायचा विचार आहे, आणि समोर दोन खाती आहेत: ९५ दिवसांच्या नोटिशीचं (पैसे काढायचे तर तितके दिवस आधी कळवायचं) आणि एक वर्षाचं फिक्स (वर्षभर पैसे अडकलेले, दर ठरलेला). व्याजात म्हणण्यासारखा फरक नाही. मी दोन्ही वापरली आहेत, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा नीट मांडतो.

वर्षाला २०,००० पौंडांची मर्यादा आहे आणि जुन्या वर्षांचे पैसे हलवले तर ते त्या मर्यादेत धरत नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. पैसे स्वतः काढून नव्या ठिकाणी भरायचे नाहीत, नव्या संस्थेचा ट्रान्सफर फॉर्म भरायचा, हेही माहीत असतं. कॅश आयसाची बदली १५ कामकाजाच्या दिवसांत व्हावी, अशी सरकारी अपेक्षा आहे. नोटिशीच्या खात्याला मात्र हे १५ दिवस आधी लागत नाहीत. नोटीस संपली की मग ते मोजायला सुरुवात.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी माझं नोटिशीचं खातं हलवायला निघालो. बँक ऑफ इंग्लंडने ऑगस्टमध्ये दर ५.२५ वरून ५ टक्क्यांवर आणला होता आणि तो आणखी उतरणार हे दिसत होतं. एका बिल्डिंग सोसायटीचं (तिथली बँकेसारखीच, सभासदांच्या मालकीची संस्था) वर्षाचं फिक्स चांगलं वाटलं. म्हटलं, आजच जुन्या खात्यावर नोटीस देऊन ठेवू, तोवर नव्याचे कागद होतील. ॲपमध्ये नोटिशीचं बटण होतं. दाबायच्या आधी खालची ओळ वाचली: मुदत संपल्यावर रक्कम तुमच्या नेहमीच्या करंट खात्यात जमा होईल. म्हणजे आयसातून बाहेर. इतक्या वर्षांचं करमुक्तपण एका बटणाने गेलं असतं. काढलेले पैसे त्याच करवर्षात परत भरू देणारा फ्लेक्सिबल आयसा असतो, पण माझा तसा नव्हता.

फोन केला. उत्तर मिळालं की बदलीसाठीची नोटीस मी देऊच शकत नाही. नव्या संस्थेचा अर्ज त्यांच्याकडे पोचून नोंदला जाईल, त्या दिवसापासून ९५ मोजायचे. आणि तो अर्ज कागदी होता, सहीचा, पोस्टाने जाणारा. २० सप्टेंबरला मी तो नव्या संस्थेकडे टाकला. जुन्या बँकेत नोंद झाली १ ऑक्टोबरला. नोव्हेंबरमध्ये बँक ऑफ इंग्लंडने पुन्हा दर कमी केला, त्यामागोमाग माझ्या खात्याचाही उतरला, आणि मी नोटिशीत अडकलेला. पैसे नव्या खात्यात आले १४ जानेवारीला. फॉर्म टाकल्यापासून ११६ दिवस. ज्या फिक्ससाठी हा खटाटोप केला, त्याची पैसे येण्याची मुदत तोवर उलटून गेली होती, त्यामुळे त्यांच्या पुढच्या, कमी दराच्या खात्यावर समाधान मानावं लागलं.

मला खटकलं ते इतकंच, पण फार खटकलं. थांबायला माझी ना नव्हती, ते मी मान्य करूनच खातं उघडलं होतं. पण थांबणं कधी सुरू व्हावं हे माझ्या हातात नव्हतं, आणि थांबलेलं असताना दर मात्र त्यांच्या हातात होता.

ट्रान्सफर फॉर्मवर एक चौकट असते: नोटीस संपेपर्यंत थांबायचं, की व्याज सोडून लगेच हलवायचं. दुसरा पर्याय मी हिशेब करून सोडला. समजा २०,००० पौंड आहेत आणि दर ४.२ टक्के. ९५ दिवसांचं व्याज साधारण २१९ पौंड होतं. हवं तेव्हा पैसे काढता येणाऱ्या इझी ॲक्सेस खात्यापेक्षा नोटिशीचं खातं पाव टक्क्याने जास्त देत असेल, तर वर्षाला ५० पौंड जादा. म्हणजे चार वर्षांहून जास्त काळाची कमाई एका चौकटीवरच्या खुणेत जाते.

फिक्सलाही दंड आहे. वर्षाच्या खात्याला बहुधा ९० दिवसांच्या व्याजाचा, दोन वर्षांच्या खात्याला अनेकदा त्याहून बराच जास्त. अगदी सुरुवातीला मोडलं तर तो दंड मुदलातूनही जाऊ शकतो. म्हणून मधेच पैसे लागतील असं वाटत असेल तर फिक्स घेऊच नका. पण त्याची मुदत संपायची तारीख पहिल्या दिवशीच कळते आणि तोवर दर हलत नाही. या जानेवारीत माझं फिक्स पुरं झालं. दोन आठवडे आधीच नव्या संस्थेचा फॉर्म भरला, 'मुदत संपल्यावर हलवा' या पर्यायावर खूण केली, आणि मुदतीनंतर नवव्या दिवशी पैसे पोचले. प्रत्येकाला नऊच दिवस लागतील असं मी म्हणणार नाही. जुन्या संस्थेकडून मुदतीआधी येणारं पत्र मात्र बाजूला टाकू नका. काहीच कळवलं नाही तर पैसे बहुतेक वेळा कमी व्याजाच्या खात्यात जाऊन बसतात.

चुलतभावाच्या बाबतीत परतायचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. ब्रिटनचं निवासीपण गेलं की आयसा ठेवता येतो, हलवताही येतो, पण नवे पैसे भरता येत नाहीत. शिवाय परदेशी पत्त्यावर नवं खातं उघडून द्यायला अनेक संस्था तयार नसतात. म्हणजे बदली करायची ती इथला पत्ता असतानाच. घर सोडणं, सामान पाठवणं, मुलांच्या शाळा या सगळ्या धावपळीत ९५ अधिक १५ दिवसांचा हिशेब कोण सांभाळणार? भारतात आयसाला करमुक्त मानत नाहीत, त्यामुळे तिथला पूर्ण निवासी ठरल्यावर हे व्याज तिथे दाखवावं लागेल, हेही त्याने आत्ताच लक्षात घेतलेलं बरं.

माझ्या बायकोचे काही पैसे अजून नोटिशीच्या खात्यात आहेत आणि तिची काही तक्रार नाही. ते कुठे हलवायचे नाहीत, आणि गरज पडली तर तीन महिने आधी कळेल अशा कामासाठी आहेत. अशा पैशांना ते खातं ठीक आहे. तरीही उघडायच्या आधी एक फोन करा आणि विचारा: बदलीची नोटीस नेमकी कोणत्या दिवसापासून मोजता? मला मिळालं तसं उत्तर मिळालं, तर मी तरी वर्षाचं फिक्सच घेईन.