पेरासेटिक ॲसिड ५ टक्के: छोट्या डेअरीसाठी घ्यावं का?

छोट्या डेअरीत भांडी-पाइप निर्जंतुक करायला हायपोक्लोराइटऐवजी (क्लोरीनचं द्रावण, थोडक्यात हायपो) पेरासेटिकचा कॅन आणावा, असंच आमचं मत. क्लोरीन ३०४ स्टीलला (डेअरीतलं नेहमीचं स्टेनलेस स्टील) बारीक खड्डे पाडतं आणि जिवाणूंना तिथेच नवी जागा मिळते. पेरासेटिक गार पाण्यात काम करतं, फेस करत नाही आणि शेवटी त्याचं ॲसेटिक ॲसिड, पाणी, ऑक्सिजन होतं. पण पाइपमधला जुना बुळबुळीत थर ते काढेल या आशेने घेणार असाल, तर पैसे वाया जातील.

या थरातले, म्हणजे बायोफिल्ममधले जिवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट आवरणात दडलेले असतात, त्यावर दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम बसतं. पेरासेटिकची ताकद वरच्या घाणीतच खर्च होते, खालचे जिवाणू सुखरूप राहतात. म्हणून आधी धुलाई पक्की हवी. सुरुवातीला ३५–४० अंशांचं पाणी. कढत पाण्याने प्रथिनं उलट घट्ट चिकटतात. मग १ ते १.५ टक्के कॉस्टिक सोडा ७०–७५ अंशांवर १५ मिनिटं, साधं पाणी, ०.५ ते १ टक्का नायट्रिक ॲसिड ६० अंशांवर १० मिनिटं (खनिजांचा पांढरा थर यानेच सुटतो), पुन्हा पाणी. पाइपमधला वेग सेकंदाला १.५ मीटर हवा. पंप कमी पडला तर द्रावण नुसतं वाहून जातं.

पेरासेटिक शेवटी: १०० लिटर पाण्यात ३०० मिली, म्हणजे साधारण १५० पीपीएम (दशलक्षात १५० भाग), १० मिनिटं. रंग बदलणाऱ्या चाचणी-पट्टीने मोजा, तेही परतीच्या लाइनवर. तिथे आकडा बराच उतरलेला दिसला तर लाइन अजून घाण आहे. पट्टी पेरासेटिकचीच घ्या. कॅनमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडही असतं, त्याची पट्टी वेगळी.

एवढं करूनही स्वॅब (पृष्ठभाग पुसून घेतलेला जिवाणू-तपासणीचा नमुना) खराब येत असेल तर युनियन, म्हणजे पाइपचे जोड, खोला. गॅस्केटच्या आतल्या कडेवर बोट फिरवा: चिरा आणि त्यात पिवळट, निसरडा लेप सापडला, तर तिथे कुठलंच द्रावण पोचत नाही. गॅस्केट फेकून ईपीडीएम या कृत्रिम रबराचं बसवा. नैसर्गिक रबर आणि पितळी कॉक पेरासेटिकपुढे टिकत नाहीत.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. हायपोपेक्षा महाग आणि वास इतका उग्र की डोळे चुरचुरतात. गॉगल, हातमोजे, खेळती हवा हवीच. कॅनच्या झाकणाला वायू सुटण्याची सोय असते, तिथे दुसरं झाकण लावू नका, कॅन फुगतो. उरलेलं रसायन कॅनमध्ये परत ओतू नका आणि हायपोत तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.