८५ किलो पेलणारं चाक मला १२० चं सांगून विकलं

माझं वजन ९४ किलो. सायकल साडेनऊ किलोची. लांब जायचं असलं की दोन बाटल्या, लाईट, ट्यूबा, पंप आणि खाण्याची पिशवी मिळून अजून चार-साडेचार किलो. म्हणजे चाकांवर एकूण १०८ किलो. गेल्या वर्षी मला कार्बनची चाकं विकणाऱ्या माणसाने माझी गती विचारली, कुठल्या राईड करतो ते विचारलं, बजेट विचारलं. वजन मात्र विचारलं नाही. आणि मी ते स्वतःहून लिहून विचारलं, तेव्हा त्याने उत्तर लिहून दिलं नाही. ४६ हजार रुपये गेले ते इथेच.

मी चाळीसगावचा. शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करायचा धंदा आहे. चार वर्षांपासून सायकल चालवतो. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड. तिची २०० किलोमीटरची साडेतेरा तासांत संपवावी लागते, ३०० ची वीस तासांत. दोन्ही वेळेत केल्या आणि ४०० च्या तयारीला लागलो होतो, तिला २७ तास असतात. माझी चाल ताशी २२-२४ ची. रेस मी लावत नाही. चढ आला की सीटवरून उठून सगळं वजन पॅडलवर टाकायची सवय आहे. चाकं निवडताना नेमकं हेच सगळं कामाचं असतं. ते मला तेव्हा कळत नव्हतं आणि त्याला पुरेपूर कळत होतं.

हा दुकानदार बाहेरगावचा, ओळखीच्या ओळखीतून भेटलेला. "दादा, पाय तुमचे चांगले आहेत, चाकं अडवताहेत," असं म्हणाला. ५० मिलिमीटर खोल (टायरपासून तारांकडे तेवढी उंच) कार्बन रिम लावा, ताशी तीन किलोमीटर फुकट मिळतील. मोठ्या कंपनीचं नाव, जोडीचं वजन १,३८० ग्रॅम. नवी घ्यायची तर याच्या तिप्पट पैसे, पण "एका रायडरने फक्त दोनदा वापरलेली आहेत." हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे शाळेत शिकलेलं मला आठवलं नाही. खोल रिमचा फायदा ताशी ३५-४० ने पळणाऱ्याला दिसतो. २३ च्या चालीला तो असून नसल्यासारखा.

व्हॉट्सॲपवर मी लिहिलं, "माझं वजन ९४ आहे, सायकल-सामान धरून १०८. या चाकांचं लिमिट किती?" दोन निळ्या टिका आल्या आणि पाच मिनिटांत फोन वाजला. "१२० किलो, दादा. बिनधास्त घ्या." मी खूश झालो. आज ते सगळं चॅट उघडून बघतो तेव्हा दिसतं, की फोटो, भाव, यूपीआय नंबर, कुरिअरची पावती, टायर कुठला बसेल हे सगळं त्याने लिहून पाठवलंय. वजनाच्या प्रश्नाखाली एक शब्द नाही. ज्यांना माझ्या या लिखाणातलं एकच लक्षात ठेवायचं असेल त्यांनी हे ठेवावं: लिहून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर आलं, तर फोन ठेवून पुन्हा लिहा, "तुम्ही आत्ता १२० किलो सांगितलंत, बरोबर ना?" त्यावर 'हो' आल्याशिवाय पैसे पाठवू नका.

बिलाचंही तसंच. "बिल पाहिजे असेल तर जीएसटी वर लागेल, नको असेल तर ४६ ला देतो." मी नको म्हणालो. चूक माझी होती, आणि तिचा त्रास अजून चालू आहे.

मे महिन्यात पार्सल आलं. शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवलं तर जोडी भरली १,७१० ग्रॅम. फोन केला तर म्हणे, रिम टेप आणि फ्रीहब (मागच्या चाकाचा, गिअरची चक्रं बसतात तो भाग) धरून तेवढं येतंच. टेप वीस-तीस ग्रॅमची असते आणि फ्रीहब चाकाच्या वजनात नेहमीच धरलेला असतो. ३३० ग्रॅमचा फरक त्याने निघत नाही. तेव्हाच चाकं परत पाठवायला हवी होती.

स्टेशन रोडला आमचे नाना आहेत. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करताहेत. त्यांनी तारा मोजल्या, पुढे १६, मागे २०. मग एकेका तारेवर नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूच्या तारा जवळजवळ ढिल्या होत्या. नाना अहिराणीत म्हणाले, "हाई तुना कामनं नही, भाऊ." त्यांना कार्बन कळत नाही असं मी मनात म्हटलं आणि चाकं बसवून घेतली. नानांची माफी मी नंतर मागितली आहे.

पहिले तीनशे किलोमीटर छान गेले. जूनमध्ये साक्रीहून नंदुरबारकडे निघालो. त्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पाऊस लागायच्या आधी पश्चिमेचा वारा तिथे असा सुटतो, की ट्रकच्या आडोशातून बाहेर आलो आणि पुढचं चाक हातातून हिसकल्यासारखं दोन फूट बाजूला गेलं. मागून गाडी नव्हती म्हणून वाचलो. खोल रिमला वारा शिडासारखा धरतो, आणि पुढचं चाक हँडलला जोडलेलं असल्यामुळे तो धक्का सरळ हातात येतो. हलक्या माणसाला तर तो जास्तच जाणवतो. खानदेशात उघड्या माळावरून, हायवेने राईड करणाऱ्याने पुढच्या चाकाला ३०-३५ मिलिमीटरच्या वर जाऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

जुलैत मागची एक तार तुटली, चाकाच्या मधल्या हबमध्ये वाकते तिथे. तीन आठवड्यांनी दुसरी तुटली, तिथेच. दुकानदार म्हणाला, तुमच्याकडचे रस्ते खराब आहेत. रस्ते खराब आहेत हे खरं, पण खड्ड्याने रिमला पोचा पडतो. तारा पुन्हा पुन्हा एकाच जागी, वाकणाशी तुटायला लागल्या की कारण दुसरं असतं. नानांनी समजावलं ते असं. चाक फिरताना जी तार खाली जमिनीकडे येते तिचा ताण त्या क्षणी कमी होतो, वर गेली की परत येतो. मुळात ताण कमी असेल, तारा थोड्या असतील आणि वर बसणारा जड असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तार पुरती ढिली पडते आणि पुन्हा ताणली जाते. लोखंडी पट्टी सारखी वाकवत राहिलं की मोडते, तसं हे. शिवाय सायकलस्वाराचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर असतं. ३२ तारांच्या चाकाची एक तुटली तर चाक थोडं आउट होतं, म्हणजे डुगडुगतं, ब्रेक सैल करून घरी येता येतं. २० तारांच्या चाकाची तुटली की रिम ब्रेकला घासून जागेवर अडकते. दोन्ही वेळा मी टेम्पोने घरी आलो.

आणि मग ऑक्टोबरातला कन्नडचा घाट. सकाळी चढून गेलो होतो, दहाच्या सुमारास उतरत होतो. पुढे ट्रकांची रांग, त्यामुळे ब्रेक सोडायला जागाच नाही, धरूनच उतरत होतो. माझ्या सायकलला डिस्क नाही, रिमवर दाबणारे ब्रेक आहेत. १०८ किलोचं ओझं १०० मीटर खाली उतरतं तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिने लिटरभर पाणी २५ अंशांनी तापेल. थोडी वाऱ्याला जाते, पण हळू उतरताना बहुतेक सगळी रिम आणि ब्रेकच्या रबरात उष्णता होऊन शिरते. ॲल्युमिनियम ती पसरवतं आणि बाहेर टाकतं. कार्बन टाकत नाही, तिथल्या तिथे तापत राहतो आणि एका मर्यादेनंतर त्याचे धागे धरून ठेवणारा रेझिन मऊ पडतो. कार्बन रिमला वेगळे ब्रेक पॅड लागतात. "जुनेच चालतील," असं मला सांगितलं होतं.

आधी ब्रेकच्या लिव्हरमध्ये ठोके जाणवायला लागले, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. मग जळका वास आला. डोंगराच्या कडेला सायकल घेऊन मी उतरलो. पुढच्या रिमला एका ठिकाणी फोड आल्यासारखा फुगवटा होता आणि त्याच्या वर टायरची कड रिमबाहेर डोकावत होती. अजून दोन वळणं गेलो असतो तर टायर सुटला असता, आणि माझ्या उजव्या हाताला दरी होती. हे लिहिताना आताही तळहाताला घाम येतो. घरी दोन लेकरं आहेत. ४६ हजारांचा राग मला येतो, पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा येतो, की हे होऊ शकतं हे त्याला माहीत होतं.

माहीत होतं हे मी अंदाजाने म्हणत नाही. दुकानात वार्निश वाळवायला माझ्याकडे हीट गन असते. नानांसमोर मी तिने व्हॉल्व्हच्या समोरचं मोठं स्टिकर हलकं गरम करून सोलून काढलं. खाली दुसरं, बोटभर लांबीचं लेबल होतं. कंपनीचं नाव नाही, एक मॉडेल नंबर आणि इंग्रजीत 'मॅक्स रायडर वेट ८५ केजी'. मागच्या चाकाला तेच. दोन्ही चाकांवरच्या वरच्या स्टिकरांचा सिरियल नंबरही एकच निघाला. त्या मोठ्या कंपनीला नंबर मेल केला, तर हा नंबर आमचा नाही असं उत्तर आलं. लेबल झाकेल एवढंच मोठं आणि नेमकं त्याच जागी स्टिकर लावणं चुकून होत नाही.

मोटारीच्या नेमप्लेटवर एचपी आणि अँपिअर वाचल्याशिवाय मी कुणाची मोटार बांधत नाही. तीन एचपीच्या मोटारीवर पाच एचपीची प्लेट ठोकून विकणाऱ्याला आमच्या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही. हे तेच आहे, फक्त इथे जळणार होतो तो मी.

त्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, या वेळी लिहून: "वजनाचं मी कधी बोललो? लिहिलेलं दाखवा." त्यानंतर ब्लॉक.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. मग जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल नाही म्हणून यूपीआयची नोंद, चॅट, कुरिअरची पावती आणि सोललेल्या लेबलचे फोटो जोडलेत. निकाल अजून यायचा आहे.

आता माझ्या सायकलला नाशिकला हाताने बांधून घेतलेली चाकं आहेत. ॲल्युमिनियमची ३० मिलिमीटरची रिम, पुढे २८ तारा, मागे ३२, तारा रिमला आवळणारे पितळी निपल, २८ मिलिमीटरचे टायर. जोडी १,९४० ग्रॅम, खर्च १७ हजार. जानेवारीत ४०० त्यांच्यावरच केली, २५ तास ४० मिनिटांत, आणि चाक अजून आउट काढावं लागलेलं नाही. माझा भाचा ५८ किलोचा आहे, सपाटीवर पळतो, त्याने २०-२४ तारांची हलकी चाकं खुशाल घ्यावीत. माझ्यासारख्याने लिमिट बघताना ते फक्त माणसाचं आहे की सायकल-सामानासकट, हे आधी विचारावं. कंपन्या दोन्ही प्रकारे लिहितात, आणि त्यात पंधरा किलोचा फरक पडतो.

पाचोऱ्याच्या एका मुलाने परवा मला फोटो पाठवले. तीच चाकं, तेच स्टिकर, त्याच जागी. तुमच्यापैकी कुणी दोन-तीन वर्षांत अशी स्वस्त ब्रँडेड कार्बन चाकं घेतली असतील तर घाट उतरायच्या आधी एवढं करा: दोन्ही चाकांचे सिरियल नंबर ताडून बघा, तारा मोजा, किराणा दुकानाच्या काट्यावर जोडी ठेवा. मग केस वाळवायच्या ड्रायरने व्हॉल्व्हच्या समोरचं स्टिकर एका कोपऱ्यातून सावकाश उचला, रिम चटका बसण्याइतकी तापू देऊ नका. खाली लेबल निघालं तर त्याचा फोटो काढा आणि स्टिकर फेकू नका. आयोगात ते दाखवावं लागतं.