फिजीत लेवुका बघायचं की सुवा?
इतिहासाची ओढ असेल तर माझं मत सरळ लेवुकाला. ओवालाऊ बेटावरचं छोटंसं गाव, पाठीशी डोंगर नि समोर समुद्र, १८७४ला फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात देणारा करार इथेच झाला आणि १८७९ला भारतातून गिरमिटिया म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांना घेऊन आलेलं पहिलं जहाज लिओनिदास पण इथेच लागलं, हे आठवलं की खरंच गलबलून येतं. २०१३पासून जागतिक वारसा आहे ते. पण गावाला वाढायला जागाच नव्हती म्हणून १८८२ला राजधानी सुवाला गेली. सुवा मोठं, पाऊस भरपूर, बाजारात दालो (अळूचे कंद), यांगोना (ज्यापासून कावा हे पेय करतात ती मुळं) आणि शेजारीच आपले मसाले, म्युझियमही बघण्यासारखं. एकच दिवस असेल तर सुवा करा, जास्त असतील तर लेवुका अजिबात सोडू नका.