बारावीनंतर मास मीडिया की पदवीनंतर पत्रकारिता?

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बारावीनंतर बीए मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन (पूर्वीचं बीएमएम, म्हणजे मास मीडिया) करता येतं. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधली (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) दोन वर्षांची पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे. प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागते.

मास मीडियात हात लवकर बसतो. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर ऐन मुलाखतीत कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं, हे अंगवळणी पडतं. पण ॲप्स बदलतात आणि एडिटिंग कुणीही काही आठवड्यांत शिकतो.

महापालिकेचा अर्थसंकल्प वाचणं तसं नाही. नुसती नवी तरतूद छापली तर बातमी फसते. गेल्या वर्षीचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडले की रखडलेलं काम दिसतं. अर्थशास्त्र किंवा कायदा शिकून आलेल्याला हे लवकर उमगतं. माहिती अधिकाराचा अर्ज (कायदा 2005चा, उत्तराची मुदत 30 दिवस) नेमका कसा लिहायचा, हेही.

म्हणून आमचा कौल दुसऱ्या वाटेला. घरासाठी लवकर कमावण्याची निकड असेल तर मास मीडिया घ्या, पण सोबत एक विषय पक्का धरा: शेती, आरोग्य, न्यायालय, काहीही.